नेत्ररोग परिषदेत तरुण संशोधकांसाठी निधी मिळाला आहे. तो बक्षिसांवर खर्च करावा की प्रवासावर?

दोनापावला (प्रश्नकर्ती)

नमस्कार. मी गोव्यातील एका शिक्षणसंस्थेत जीवशास्त्र शिकवते. माझ्या प्रयोगशाळेत दृष्टिपटलाच्या, म्हणजे रेटिनाच्या, ऱ्हासावर काम चालते. पुढील वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला दृष्टिपटलाच्या विकारांवरील तीन दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद पणजीजवळ भरवण्याची जबाबदारी आमच्या गटाने घेतली असून प्रशिक्षणार्थी संशोधकांच्या सोयींचे काम माझ्याकडे आले आहे. प्रशिक्षणार्थी म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी, नुकतेच पीएचडी झालेले पोस्टडॉक, नेत्रविभागातील निवासी डॉक्टर आणि संशोधन करणारे ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी असे आम्ही धरले आहे.

डिचोली तालुक्यातील एका कुटुंबाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ या कामासाठी ठोक रक्कम देऊ केली आहे. त्या माउलीची दृष्टी मधुमेहामुळे गेली होती आणि कुटुंबाची अट एवढीच आहे की पैसा शिकणाऱ्या मुलांवर खर्च व्हावा. गोव्यात हा विषय घरोघरी पोहोचलेला आहे हे वेगळे सांगायला नको; आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले त्यांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, आढळले होते.

आमच्या समितीत दोन मते आहेत. ज्येष्ठ सदस्यांना वाटते की उत्कृष्ट पोस्टर (संशोधन मांडणारा फलक) आणि उत्कृष्ट निबंध यांना घसघशीत रोख बक्षिसे द्यावीत, समारोपाला कुटुंबीयांच्या हस्ते ती वाटावीत, म्हणजे देणगीदारांनाही समाधान मिळेल. मला वाटते की बक्षीस मिळवण्यासाठी मुळात इथवर पोहोचावे लागते, आणि ज्यांना पोहोचणेच परवडत नाही त्यांच्या वाट्याला यातून काहीच येणार नाही. पण माझ्या या मताला अनुभवाचा आधार कमी आहे. तेव्हा ज्यांनी अशा परिषदांना विद्यार्थी म्हणून हजेरी लावली आहे किंवा अशा निवडी केल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की पैसा नेमका कशावर खर्च केल्याने मुलांना उपयोग होतो, निवड कशी करावी, आणि रक्कम अपुरी पडल्यास औषध कंपन्यांकडून मदत घेण्यात काही अडचण आहे का.

रात्रपाळी

मॅडम, मी नेत्रशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे ज्यांच्यासाठी हा निधी आहे त्यांच्यापैकीच एक म्हणून लिहिते.

पैसा किती मिळतो यापेक्षा तो केव्हा मिळतो हा आमच्यासाठी मोठा प्रश्न असतो. मागे एका परराज्यातील परिषदेत मला प्रवास अनुदान मंजूर झाले होते. मंजुरीचे पत्र सुंदर होते, पण त्यात तळाला लिहिले होते की सर्व खर्च आधी स्वतः करावा आणि परिषदेनंतर मूळ पावत्या जोडून मागणी करावी. विमानाचे तिकीट, नोंदणी शुल्क आणि हॉटेल हे सारे विद्यावेतनातून भरायचे म्हणजे त्या महिन्याचे घरभाडे कोणाकडून तरी उसने घ्यायचे. पुढे परतीच्या प्रवासाचा बोर्डिंग पास जोडलेला नाही म्हणून अर्ज परत आला, तो मिळवून पाठवल्यावर बँकेच्या तपशिलावर रद्द केलेला धनादेश हवा म्हणून पुन्हा आला, आणि रक्कम हाती पडली तेव्हा मी पुढच्या वर्षाला गेले होते. आयोजकांचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. ज्याच्या घरी चार पैसे शिल्लक आहेत तोच असे अनुदान स्वीकारू शकतो, आणि मग ते गरजूंसाठी होते असे म्हणणे कठीण जाते.

म्हणून माझी विनंती अशी की नोंदणी शुल्क निवडलेल्यांना माफच करावे, राहण्याची खोली आयोजकांनीच आरक्षित करून तिचे बिल थेट भरावे, आणि तिकीटही शक्यतो तुमच्याकडूनच काढून द्यावे. विद्यार्थ्याच्या हातात रोख रक्कम आली नाही तरी चालते, त्याच्या हातून ती जाऊ नये एवढेच पाहावे.

दुसरी गोष्ट रजेची. विभागात कामाची पाळी महिनाभर आधी लागते आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी हात कमी पडले तर कोणताही विभागप्रमुख रजा देताना कां-कूं करतो. निवडीचे पत्र परिषदेच्या तीन आठवडे आधी आले तर आम्ही येऊ शकत नाही. किमान अडीच-तीन महिने आधी निकाल लावावा आणि विद्यार्थ्याबरोबरच विभागप्रमुखांच्या नावानेही स्वतंत्र विनंतीपत्र पाठवावे. असे पत्र टेबलावर असले की रजेचा अर्ज पुढे सरकतो, हे मी पाहिलेले आहे.

आणि कृपया पोस्टरचे सत्र जेवणाच्या वेळेत ठेवू नका. त्याच परिषदेत पोस्टर दुसऱ्या मजल्यावर आणि जेवण तळमजल्यावर होते. तासभर मी माझ्या ओसीटीच्या, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या तपासणीच्या, प्रतिमांसमोर उभी होते आणि त्या काळात माझ्याकडे एकच गृहस्थ आले, त्यांनी प्रसाधनगृह कोणीकडे आहे एवढे विचारले.

फोंड्याचा निवृत्त

मी अनेक वर्षे विविध निवड समित्यांवर काम केले आहे, म्हणून निवडीविषयी लिहितो. वरील डॉक्टर मुलीने लिहिलेल्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे.

आधी एक उदाहरण. दृष्टिपटलाच्या ऱ्हासावरील एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद साधारणपणे दर दोन वर्षांनी भरतो. तो २०१६ मध्ये क्योतो येथे आणि २०१८ मध्ये आयर्लंडमधील किलार्नी येथे झाला होता. या परिसंवादाने तरुण संशोधकांच्या प्रवासखर्चासाठी वेगळा निधी ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ पाळली आहे, आणि त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने तसेच तेथील फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस या संस्थेने वेळोवेळी पैसा दिलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे परिषदांना साहाय्य देण्यासाठी आर१३ नावाचा स्वतंत्र अनुदानप्रकारच आहे. तिकडे हा खर्च परिषदेच्या मूळ उद्देशाचा भाग मानला जातो. आपल्याकडे मात्र मंडप, स्मृतिचिन्हे आणि पहिल्या रात्रीचे भोजन यांतून काही उरले तर मुलांचे पाहू, असा क्रम असतो. तुमच्याकडे निधी आधीपासून वेगळा आहे ही मोठीच जमेची बाजू आहे, आणि तो सर्वसाधारण खात्यात मिसळू देऊ नका.

आता निवड. अर्जासोबत लांबलचक बायोडेटा मागवू नये, कारण बायोडेटा पाहिला की नकळत मोठ्या संस्थेच्या नावाला गुण पडतात. मी असे सुचवीन की गोषवारा नाव, संस्था आणि मार्गदर्शक काढून टाकून परीक्षकांकडे द्यावा, प्रत्येक गोषवारा किमान तिघांनी स्वतंत्रपणे तपासावा, आणि ज्याचा स्वतःचा किंवा स्वतःच्या विभागाचा विद्यार्थी यादीत आहे त्या परीक्षकाने त्या अर्जापुरते बाजूला व्हावे. दृष्टिपटलाचे क्षेत्र लहान आहे. जनुकाचे नाव वाचूनच काम कोणत्या प्रयोगशाळेचे ते आम्हाला कळते, त्यामुळे नाव झाकून सर्व साधते असे नाही, पण नाव उघडे असण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

गुणांच्या बरोबरीने दोन लहान प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याकडून त्याच्याच शब्दांत घ्यावीत. या कामातील कोणता भाग तू स्वतः केलास हा पहिला प्रश्न, आणि या परिषदेत तुला कोणाशी कशाबद्दल बोलायचे आहे हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार बोलके असते. एकाने लिहिले होते की त्याच्या उंदरांच्या ईआरजीमध्ये, म्हणजे दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाच्या आलेखात, बी-तरंग अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतो आणि त्याचे कारण प्रकाशग्राही पेशींत आहे की त्यांच्या पुढच्या पेशींत, हे त्याला एका विशिष्ट गटाला विचारायचे होते. त्याचे गुण मध्यम होते, पण आम्ही त्याला घेतले. दुसऱ्याने लिहिले होते की त्याला जागतिक ज्ञानाच्या प्रवाहात सामील व्हायचे आहे. त्याचे काय झाले ते सांगत नाही.

शेवटी गरज. गरजेचा प्रश्न सरळ विचारावा: मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून किंवा संस्थेकडून या प्रवासासाठी पैसा मिळणार आहे का? ज्याला मिळणार आहे त्याला नोंदणी शुल्कापुरतीच सवलत द्यावी आणि ज्याला नाही त्याला पूर्ण खर्च द्यावा. उत्पन्नाचे दाखले मागवून मुलांना तलाठ्याकडे फेऱ्या मारायला लावू नयेत, मार्गदर्शकाची सही पुरे. सर्वांना समान तुकडे वाटण्याची पद्धत दिसायला न्याय्य असते, पण त्यात जवळच्याला गरजेपेक्षा जास्त मिळते आणि इम्फाळहून येणाऱ्याचे अर्धे तिकीटसुद्धा निघत नाही.

हिशेबनीस

मी शास्त्रज्ञ नाही. म्हापशाला राहतो, संस्थांचे हिशेब पाहतो आणि गोव्यात भरणाऱ्या बऱ्याच परिषदांची खाती माझ्या हातून गेली आहेत. पैशाच्या बाजूने काही गोष्टी आत्ताच पाहून घ्याव्यात.

औषध कंपन्यांचा प्रश्न आधी घेतो. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये औषध विपणनासाठी जी समान आचारसंहिता जाहीर केली, तिच्यानुसार कंपनीने डॉक्टरांना परिषदेसाठी प्रवासाची किंवा हॉटेलची सोय करून देऊ नये, अपवाद फक्त निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमातील वक्त्यांचा. तुमचे निवासी डॉक्टर हे डॉक्टरच आहेत. त्यामुळे एखादी कंपनी अमुक मुलाचे तिकीट आम्ही काढतो असे म्हणाली तर नम्रपणे नाही म्हणावे. कंपनीला प्रदर्शनात जागा हवी असेल तर तिचे भाडे रीतसर करारपत्राने परिषदेच्या खात्यात घ्यावे, त्याचा हिशेब उघड ठेवावा, आणि विद्यार्थ्यांच्या निवडीशी त्या कंपनीचा संबंध येऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट देणगीदारांची, आणि ही खास गोव्याची अडचण आहे. देणारी व्यक्ती भारतीय पासपोर्टवर परदेशात नोकरी करीत असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. परंतु आपल्याकडे घराघरांत कोणीतरी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असतो. असा माणूस जन्माने इथला असला, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले, तरी परकीय योगदान नियमन कायद्याच्या दृष्टीने तो परकीय स्रोत आहे. तुमचे आयोजक मंडळ नोंदणीकृत सोसायटी किंवा न्यास असेल तर अशा माणसाचे पैसे घेण्यासाठी त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. तेव्हा धनादेश स्वीकारण्यापूर्वी देणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत मागून घ्या. विचारायला अवघड वाटते, पण नंतर उत्तरे देणे त्याहून अवघड असते.

परदेशी विद्यार्थी येणार असतील तर त्यांना कॉन्फरन्स व्हिसा लागेल आणि त्यासाठी आयोजकांनी परराष्ट्र मंत्रालयाची व गृह मंत्रालयाची मंजुरी आधी मिळवलेली असावी लागते. श्रीलंका किंवा बांगलादेशातील मुलांचा सारा प्रवास त्या एका कागदावर अडकून राहतो. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही.

आता राहणे आणि फिरणे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हंगाम पुरता चढलेला नसतो, त्यामुळे आत्ताच बोललात तर खोल्या बऱ्या दरात मिळतील. दिवाळीकडे सरकलात की तेच दर वर जाऊ लागतात. परिषद ज्या हॉटेलात आहे तिथे विद्यार्थ्यांना ठेवण्याचा हट्ट करू नये. एखाद्या संस्थेचे अतिथिगृह किंवा वसतिगृह सुट्टीच्या काळात मिळाले तर दोघांत एक खोली द्यावी आणि सकाळ-संध्याकाळ एक मिनीबस ठरवावी. ही मिनीबस चैन समजू नका. बाहेरगावची मुले ओला-उबर मिळेल या समजुतीने येतात आणि त्या सेवा गोव्यात नाहीत. मोप्याच्या विमानतळावरून पणजीजवळ टॅक्सीने येण्यातच एखाद्या विद्यार्थ्याचा दोन दिवसांचा खर्च उडतो. विमानतळावरून कदंबच्या, म्हणजे राज्य परिवहनाच्या, बसगाड्या सुटतात, त्यांच्या वेळा निवडपत्रासोबतच कळवाव्यात. रेल्वेने येणाऱ्यांना करमळीला उतरायला सांगावे. नकाशावर मोठे स्टेशन दिसते म्हणून सगळे मडगावचे तिकीट काढतात आणि मग तिसवाडीला, म्हणजे पणजीच्या तालुक्यात, पोहोचेपर्यंत दमतात.

उचल, म्हणजे प्रवासाआधीच आगाऊ पैसे, देण्याबाबत एवढेच सांगतो की ती नियमांत बसते. मंजुरीचे पत्र, विद्यार्थ्याची सही असलेली पोच, आणि परिषदेनंतर पंधरा दिवसांत तिकिटाची प्रत, एवढ्यावर कोणताही लेखापरीक्षक समाधानी होतो. बोर्डिंग पास हरवला तर विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला ईमेलने मागवता येतो, आणि त्यासाठी मुलाचे पैसे अडवून धरण्यासारखे काही नाही.

पुण्यात_पोस्टडॉक

मी थोडा विरोधी सूर लावतो. बक्षिसांना इतके कमी लेखू नये. परदेशात पोस्टडॉकसाठी अर्ज करताना आंतरराष्ट्रीय परिषदेत उत्कृष्ट सादरीकरणाचे पारितोषिक मिळाले ही एक ओळ वाचणाऱ्याच्या नजरेत भरते, आणि मला ती उपयोगी पडलेली आहे. शिवाय सर्वांचा खर्च केला आणि गौरव कोणाचाच केला नाही तर मुले पोस्टर करताना हात आखडता घेतात.

फोंड्याचा निवृत्त

आपला मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. त्या ओळीचे वजन प्रमाणपत्रात असते, पाकिटात नसते. प्रवास अनुदान हेच स्पर्धात्मक आहे, गोषवारे पारखून दिलेले आहे. तेव्हा त्याला त्या दिवंगत बाईंचे नाव द्यावे, निवडलेल्या प्रत्येकाला तसे पत्र द्यावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या निबंधापुढे ती खूण छापावी. म्हणजे एकाऐवजी निवडलेल्या प्रत्येकाच्या बायोडेटात ती ओळ येईल. त्यावर दोन-तीन पोस्टरना प्रमाणपत्र आणि पुस्तके दिली तर मी हरकत घेणार नाही. फक्त परीक्षकांनी पोस्टरसमोर उभे राहून मुलाशी दहा मिनिटे बोलूनच निर्णय करावा. चहाच्या कपासह फेरी मारून गुण देणारे परीक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत.

शलाका_आणि_शंकू

मी रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक ऱ्हासावर पीएचडी करीत आहे आणि एका परिषदेला पूर्ण अनुदानावर जाऊन आले आहे. खर्चाबद्दल वर पुष्कळ आले, म्हणून परिषदेच्या आत काय असावे तेवढेच लिहिते, कारण मला तिकीट, खोली, जेवण सर्व मिळूनही पहिले दोन दिवस मी कोणाशीही बोलले नव्हते. आमच्या राज्यातल्या चौघी एकाच टेबलावर जेवत होतो आणि ज्यांचे शोधनिबंध वाचून मी प्रयोग आखले होते ते गृहस्थ पलीकडच्या टेबलावर बसत होते. तिसऱ्या दिवशी एका परक्या बाईंनी, ज्या सत्राच्या अध्यक्ष होत्या, माझ्या पोस्टरसमोरून मला हाताला धरून नेले आणि तुम्ही दोघे एकाच प्रथिनावर काम करता, बोला, असे सांगून त्या निघून गेल्या. त्या वीस मिनिटांत माझ्या प्रतिपिंडाची अडचण सुटली. ते विकत मिळणारे प्रतिपिंड उंदराच्या दृष्टिपटलात दुसऱ्याच प्रथिनाला चिकटते हे त्यांच्या प्रयोगशाळेत सर्वांना ठाऊक होते, पण कोणत्याही निबंधात छापलेले नव्हते.

म्हणून प्रत्येक अनुदानधारकाला एक ज्येष्ठ संशोधक आधीच नेमून द्यावा, आणि त्याच्यावर एवढीच जबाबदारी टाकावी की पहिल्या दिवशी पोस्टर पाहायचे आणि तीन जणांशी ओळख करून द्यायची. ज्येष्ठाला हे निमंत्रणपत्रातच कळवले तर कोणी नाही म्हणत नाही, व्यासपीठावरून ऐनवेळी जाहीर केले तर कोणी मनावर घेत नाही. जोडी जुळवताना मार्गदर्शकाच्या ओळखीतला माणूस टाळावा, नाहीतर संभाषण तुझे सर कसे आहेत यापुढे जात नाही.

निवासी डॉक्टर आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी यांची सरमिसळ मुद्दाम करावी असेही मला वाटते. लेबर्स कन्जेनिटल अमॉरोसिस या जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारात आरपीई६५ हे जनुक दोषी असते. त्यावरचा जनुकोपचार २००१ मध्ये ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांत यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत रुग्णांसाठी त्याला डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. मधल्या सोळा वर्षांत पशुवैद्य, जनुकशास्त्रज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना एकमेकांचे काम समजून घ्यावे लागले. माझ्या पिढीत मात्र मी उंदराच्या दृष्टिपटलाचे हजारो छेद पाहिले आणि रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णाशी एकदाही बोललेले नाही. रात्रपाळी यांच्यासारख्या डॉक्टरांनी कदाचित उलट अनुभव घेतला असेल. एक दुपार अशी ठेवता येईल की एका डॉक्टरने आपल्याकडील एका रुग्णाची कथा, ओळख पटेल असा तपशील वगळून आणि रुग्णाच्या संमतीने, सांगावी आणि एका विद्यार्थ्याने त्याच विकारात पेशीच्या पातळीवर काय घडते ते सांगावे. दोघांना मिळून वीस मिनिटे पुरतात.

प्रश्नोत्तरांविषयी एक लहानशी सूचना. प्रत्येक व्याख्यानानंतरचा पहिला प्रश्न प्रशिक्षणार्थ्याचाच घ्यावा असा नियम अध्यक्षांना द्यावा. ज्येष्ठांनी एकदा ध्वनिक्षेपक हाती घेतला की त्यांचा प्रश्न व्याख्यानाइतकाच लांबतो आणि मग चहाची वेळ होते.

पोस्टर कापडावर छापून आणण्यास सुचवा. ए-शून्य आकाराची कागदी गुंडाळी विमानात कोठे ठेवायची यावरून होणारे वाद त्यामुळे टळतात आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस लागला तरी तो कागद भिजण्याची धास्ती राहत नाही. ज्यांच्याकडे सोय नाही त्यांचे पोस्टर पणजीत आयोजकांनीच छापून लावून ठेवावे.

रात्रपाळी

रुग्णाची कथा सांगण्याची कल्पना मला फार आवडली. फक्त दृष्टिपटलाचे छायाचित्र दाखवताना त्याच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेले रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक तसेच राहून जातात, ते आधी तपासायला हवे. पोस्टरच्या सभागृहात परवानगीशिवाय फोटो काढू नयेत अशी पाटीही लावावी. अप्रकाशित निष्कर्ष कोणाच्या तरी फोनमध्ये जाणे विद्यार्थ्याला परवडत नाही.

दोनापावला (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे छापून मी काल समितीच्या बैठकीत नेली होती. रोख बक्षिसांचा प्रस्ताव मागे घेतला गेला आहे आणि फोंड्याच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे अनुदानाला त्या माउलीचे नाव देण्याचे ठरले. कुटुंबीयांना ते बक्षीस समारंभापेक्षा अधिक भावले. गोषवाऱ्यांचा निकाल जूनअखेर लावायचा, विभागप्रमुखांना वेगळे पत्र पाठवायचे आणि पोस्टरसाठी दुपारी चार ते सहा ही वेळ, चहा त्याच सभागृहात, असेही मान्य झाले. ज्येष्ठ संशोधक नेमून देण्याबाबत एका सदस्यांनी कुरकूर केली की पाहुण्यांवर ओझे पडेल, पण निमंत्रणाच्या मसुद्यात मी ते वाक्य घातले आहे.

उचल देण्यास आमच्या लेखा विभागाचा अजून विरोध आहे. तोवर तिकिटे आम्हीच काढून देणार आहोत, ज्यात मुलांना काहीच भरावे लागणार नाही.

हिशेबनीस यांच्यासाठी एक प्रश्न उरतो. देणगी तीन भावंडांची आहे. दोघी बहिणी इथेच आहेत, परंतु धाकटा भाऊ लिस्बनला असतो आणि विचारले तेव्हा कळले की त्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे. आमची परिषद एका नोंदणीकृत सोसायटीच्या नावे आहे आणि तिच्याकडे परकीय योगदानाची नोंदणी नाही. त्याने आपला वाटा बहिणीच्या खात्यावर पाठवला आणि तिने एकत्र धनादेश दिला तर चालेल का?

हिशेबनीस

चालणार नाही. पैसा कोणाच्या खात्यातून आला यापेक्षा मुळात कोणाचा आहे हे पाहिले जाते, आणि बहिणीला नाहक त्यात गोवले जाईल. बहिणींनी फक्त स्वतःचे पैसे द्यावेत आणि तसे पत्र सोबत जोडावे. भावाला आईसाठी काही करायचेच असेल तर सहआयोजकांत परकीय योगदानाची नोंदणी असलेली एखादी संस्था आहे का ते पाहा. असेल तर त्याचा वाटा थेट तिच्या ठरावीक खात्यात, त्याच्या स्वतःच्या नावाने येऊ द्या आणि त्यातून होणारा विद्यार्थ्यांचा खर्चही त्याच संस्थेने करावा, तुमच्या सोसायटीकडे ती रक्कम वळवू नये. तशी संस्था नसेल तर पूर्वपरवानगीचा अर्ज करता येतो, पण ती ऑक्टोबरपूर्वी हाती येईल असे गृहीत धरून मुलांची संख्या ठरवू नका. आत्ता यादी दोघी बहिणींच्या रकमेवरच आखावी.